लिखा

पुढच्या महिन्यात आईचं वर्षश्राद्ध. त्या दिवशी घरातल्या प्रत्येकानं तिची एकेक आठवण लिहायची, सगळी पानं एकत्र बांधायची आणि घरच्या घरी वाटायची, असं आम्ही भावंडांनी ठरवलं. मजकूर तपासायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण गेली पस्तीस वर्षं मी मुद्रितशोधनच करते. माझी लेक बंगळूरला नोकरी करते. शाळा सगळी इंग्रजीतून झालेली, त्यामुळे ती इंग्रजीत लिहून पाठवेल असं मी धरून चालले होते. एका रात्री सव्वाअकराला फोन वाजला. दीड पान मराठी, फोनवरच टाइप केलेलं. मी पलंगावर उठून बसले, चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. दहा मिनिटांत तिला उत्तर धाडलं : ‘आणि’ची णि ऱ्हस्व, तीन ठिकाणी. ‘उन’ नाही, ऊन. ‘पाणि’ नाही, पाणी. दुसऱ्या परिच्छेदात पूर्णविराम राहिलाय. अशा अकरा गोष्टी, क्रमांक घालून.

तिचं उत्तर लगेच आलं. ‘आई, प्लीज निटपिकिंग नको ना.’ थोड्या वेळानं आणखी एक ओळ. ‘वाचलंस का पण?’

मी ‘हो’ म्हणून कळवलं आणि दिवा घालवला. झोप येईना. मी अक्षर न् अक्षर पाहिलं होतं, पण ती आजीबद्दल काय म्हणते आहे हे विचारलं असतं तर मला नीट सांगता आलं नसतं.

निटपिकिंग हा शब्द मी हजारदा ऐकलाय. हापिसातली तरुण मुलं तो सर्रास वापरतात. उगाच बारीकसारीक चुका काढत बसणं, एवढा अर्थ माहीत होता आणि तेवढा पुरत होता. तो कशाचा बनला आहे हे पाहायचं कधी सुचलं नव्हतं, जन्मभर शब्दकोश उशाशी घेऊन झोपूनसुद्धा. त्या रात्री उठून पाहिलं. निट म्हणजे लीख, उवेचं अंडं. पिकिंग म्हणजे वेचणं, टिपणं. निटपिकिंग म्हणजे लिखा काढणं.

ते वाचलं मात्र आणि करंजेलाचा वास आला. खोलीत कुठे करंजेल नव्हतं, तरी आला.

नारायण पेठेतल्या वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. रविवारी सकाळी शिकेकाईनं न्हायचं, केस वाळवायचे आणि अकराच्या सुमाराला चौकात ऊन उतरलं की आईच्या पुढ्यात जाऊन बसायचं. ती जोत्याच्या पायरीवर, मी खाली फरशीवर, पाठ तिच्या गुडघ्यांच्या मध्ये. माझ्या मांडीवर जुन्या पंचाचा पांढरा तुकडा, म्हणजे पडलेली ऊ दिसावी. फणी तुळशीबागेतली, लाकडी, दोन्ही बाजूंना दात. एका बाजूचे जरा विरळ, दुसऱ्या बाजूचे इतके दाट की उजेडात धरली तरी आरपार दिसू नये. आधी विरळ बाजूनं गुंता सोडवायचा, मग दाट बाजू कानामागून सुरू व्हायची. टाळूवर दात रुतले की डोळ्यांतून पाणी यायचं. उवा फणीत यायच्या, लिखा यायच्या नाहीत. त्यांना नखच लागायचं. आई एकेक केस वेगळा धरायची, दोन्ही अंगठ्यांच्या नखांत लीख पकडायची आणि केसाच्या टोकापर्यंत ओढत न्यायची. जिवंत असली तर नखांत टच् असा अगदी बारीक आवाज होई. तो आवाज कानापेक्षा टाळूला आधी कळायचा. मी हलले की फणीची कड डोक्यात बसायची. ‘हलू नकोस. एक राहिली तरी पुढच्या रविवारी वीस होतात.’

वाड्यातल्या सगळ्या जणींची रविवारची हीच तऱ्हा होती. कुणी रॉकेल लावे, कुणी सीताफळाच्या बिया कुटून खोबरेल तेलात कालवून लावे. सासवडकडची सीताफळं पेठेत यायला लागली की बायका बिया धुऊन वाळवून ठेवत. आमच्या आईनं मात्र ती पूड कधी घरात येऊ दिली नाही. ती डोळ्यांत गेली की डोळ्याला इजा होते, हे तिनं कुणाच्या तरी मुलीच्या बाबतीत पाहिलं होतं. त्यामुळे आमच्या वाट्याला करंजेल आणि फणी. उवांची गोष्ट घराबाहेर बोलायची नाही हा नियम होता, पण चौकात सगळे बसलेले असल्यामुळे प्रत्येकीला प्रत्येकीच्या डोक्याचं माहीत असायचं.

मराठीत हे काम एवढं घरोघरी होत असताना आपण त्याची शिवी केली नाही, याचं मला त्या रात्रीपासून फार अप्रूप वाटत राहिलं आहे. चुका काढणाऱ्यांसाठी आपल्याकडे शब्द कमी आहेत असं नाही. आपण खुसपट काढतो, खोट काढतो, शब्दाचा कीस पाडतो, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधतो. काडी, किसणी, कुसळ अशी सगळी स्वयंपाकघरातली आणि खळ्यावरची सामग्री. लिखा काढणं मात्र लिखा काढणंच राहिलं. संस्कृतात लिक्षा, प्राकृतात लिक्खा, मग आपली लीख. संस्कृत ‘यूका’ची ऊ झाली तशीच ही. मनुस्मृतीत तर लिक्षा हे माप आहे. झरोक्यातून येणाऱ्या उन्हात तरंगताना दिसतो तो धुळीचा कण म्हणजे त्रसरेणू. असे आठ त्रसरेणू म्हणजे एक लिक्षा, तीन लिक्षा म्हणजे एक काळी मोहरी, अशी चढण पुढे सोन्यारुप्याच्या वजनापर्यंत जाते. ज्यानं कुणी हे कोष्टक रचलं त्यानं लीख बोटावर घेऊन पाहिली असणार. मला हे वाचून बरं वाटलं. इवल्याशा गोष्टीला मोजण्याच्या शिडीत पायरी दिली होती कुणीतरी.

इंग्रजीतला निट हा शब्दही जुनाच, हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो ‘ह्निटु’ असा होता, आणि रशियन माणूस आजही लिखेला ‘ग्निदा’ म्हणतो, म्हणजे एकाच घराण्यातले. पण त्याला दोषाचा अर्थ चिकटला तो अगदी अलीकडे, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत. 1951 मध्ये तिथल्या कॉलिअर्स मासिकात पेंटॅगॉनमधल्या कचेरीतल्या बोलीबद्दल मजकूर आला होता, त्यात हा शब्द सापडतो. जोडीला दुसराही एक आहे, माशीनं कागदावर सोडलेल्या ठिपक्यांवरून केलेला. जे कागद हातात घेऊन नुसत्या चुका हुडकतात, विचार किंवा अर्थ सुधारावा म्हणून काही करत नाहीत, ते माशीच्या ठिपक्यांवाले. आणि जे शब्दांच्या क्षुल्लक गोष्टींवरून वाद घालतात पण शेवटी सुधारणा म्हणून काहीच सुचवत नाहीत, ते लिखा काढणारे. मी हे दोनदा वाचलं. पंचाहत्तर वर्षांपूर्वी, सातासमुद्रापार, सैन्याच्या कचेरीत कुणीतरी वैतागून केलेली व्याख्या, आणि ती माझ्या रात्री सव्वाअकराच्या अकरा क्रमांकांना तंतोतंत लागू पडत होती. विचार किंवा अर्थ याबद्दल मी लेकीला एक अक्षर लिहिलं नव्हतं.

तरीही एका गोष्टीचा राग येतो. त्याच इंग्रजीत एखादी गोष्ट बारीक दातांच्या फणीनं विंचरून पाहिली म्हणतात तेव्हा ती तारीफ असते, कसून तपास केला असा अर्थ. फणी धरणाऱ्याचं कौतुक आणि नखानं काढणाऱ्याला नाव ठेवायचं, हे कसं? फणी कशासाठी बनली ते लोक विसरले असावेत. इस्राएलमध्ये लाखीश नावाच्या जुन्या नगरीच्या उत्खननात 2016 मध्ये हस्तिदंताची एक चिमुकली फणी सापडली, साडेतीन सेंटिमीटर लांबीची. एका बाजूला गुंत्यासाठी सहा जाड दात होते, दुसऱ्या बाजूला उवालिखांसाठी चौदा बारीक. दात तुटलेत, बुडं उरलीत. आमच्या तुळशीबागेतल्या फणीचीच घडण. पाच-सहा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, मग तिच्यावर पुसट अक्षरं दिसली. सतरा अक्षरं, कनानी लिपीतली. केसांतल्या आणि दाढीतल्या उवा या हस्तिदंतानं निघून जावोत, असा त्यांचा मतलब. फणी सुमारे 3700 वर्षांपूर्वीची मानतात. वर्णमालेत लिहिलेलं, आजवर हाती आलेलं सगळ्यांत जुनं पूर्ण वाक्य ते हेच. राजाची आज्ञा नाही, देवाची स्तुती नाही. कुणाच्या तरी डोक्याला आराम पडावा ही इच्छा.

छापखान्यात मी लागले तेव्हा अप्पा बळवंत चौकाच्या आसपास शिशाच्या खिळ्यांची, म्हणजे सुट्या अक्षरांची, जुळणी अजून चालू होती. गॅली प्रुफं ओली असायची, हाताला शाई लागायची. माझ्या शेजारी बसणारे वयस्कर गृहस्थ प्रूफ उलटीकडून वाचायचे, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे. अर्थ कळायला लागला की डोळा चुका गिळतो, असं ते म्हणायचे. अर्थ कळू देऊ नका, मग अक्षर दिसतं. मी ते शिकले. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 1962 चे नियम आणि त्यांना 1972 मध्ये जोडलेले चार, असे अठराच्या अठरा मला तोंडपाठ आहेत. शेवटचा इकार-उकार दीर्घ, पण ‘आणि’ अपवाद. हे माझ्या हाडीमाशी इतकं खिळलंय की लग्नपत्रिका, औषधाच्या दुकानावरची पाटी, प्रसादाच्या पुडीचा कागद, काहीही समोर आलं की आधी वेलांटी दिसते आणि मग मजकूर. या कामाचा मला अभिमान आहे, अजूनही. एका वैद्यकाच्या पुस्तकात मात्रेतला दशांशचिन्हाचा ठिपका गळला होता, तो मला दिसला होता. तो छापून गेला असता तर काय झालं असतं हे आठवलं की आजही हात गार पडतात.

आमच्या शहरात बारकाव्याला मान आहे, आणि याच शहरात बारकाव्यानं माणसं एकमेकांपासून तुटलेलीही मी पाहिली आहेत. पोळीची कड जाड, गाण्यातला कोमल गंधार किंचित चढा, भाषणात ‘मी आपला आभारी आहे’ यातला ‘आपला’ अनावश्यक. माझी आई पोळ्या करताना मोजून नावं ठेवायची. मी दहावीला असताना केलेल्या पहिल्या पुरणपोळीला ती म्हणाली होती, ‘कडेला पुरण नाही.’ खरं होतं ते. नव्हतंच पुरण कडेला.

पण भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत गेलं की माझं मन दुसऱ्या बाजूला झुकतं. तिथं 1919 मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं ते 1966 मध्ये पुरं झालं. 1259 हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. श्लोक वर, आणि खाली मुंगीएवढ्या टायपात पाठभेद : या पोथीत ‘च’ आहे, त्या पोथीत ‘तु’, काश्मीरकडच्या पोथीत ही ओळच नाही. सत्तेचाळीस वर्षं. सुकथनकरांसारखा संपादक ते पुरं झालेलं पाहायला राहिला नाही. लिखा काढणं म्हणायचं तर याहून मोठं ते कुठं झालं असेल? त्या पानांवर एक खूण आहे, ती मला फार आवडते. जिथं पाठ पक्का ठरवता आला नाही तिथं त्या अक्षरांखाली लाटेसारखी वळणांची रेघ दिली आहे. खोडलं नाही, बदललं नाही. इथं आमची खात्री नाही, एवढंच सांगितलं. विद्यार्थिदशेत मी त्या खंडाची पानं पहिल्यांदा उलटली तेव्हा ती रेघ मला छपाईचा दोष वाटली होती.

त्या रात्री झोप लागली नाही म्हणून लिखांबद्दलच आणखी वाचत बसले, आणि एक गोष्ट अशी कळली की ती अजून डोक्यातून जात नाही. ऊ अंडं घालते ते टाळूच्या अगदी लगत, केसाच्या मुळाशी, कारण तिथंच ऊब असते. अंडं केसाला असं डकवते की पाण्यानं, साबणानं ते सुटत नाही. आठ-दहा दिवसांत आतलं पिल्लू बाहेर पडतं. टरफल मात्र तसंच चिकटून राहतं आणि केस वाढेल तसं मुळापासून लांब जात राहतं. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. म्हणजे टाळूपासून बोटभर अंतरावर जी लीख दिसते ती बहुतेक रिकामी. महिन्या-दोन महिन्यांपूर्वीची. ती पांढरी असते म्हणून जास्त उठून दिसते. जिवंत लीख तपकिरी, केसाच्या रंगात मिसळून जाणारी, ती शोधायला केस मुळाशी फाकवावा लागतो. आमची आई उन्हात तासन् तास ओढून काढायची त्यातली निम्मी टरफलं असणार. माझ्या डोळ्यांतलं निम्मं पाणी टरफलांपायी गेलं.

मग मी लेकीचं दीड पान पुन्हा उघडलं, माझे अकरा क्रमांक बाजूला ठेवून. लेक मराठी लिहायला शिकली ती तिसरी भाषा म्हणून, आठवीपर्यंत. ‘आणी’ ती तेव्हापासून लिहिते. शाळेच्या वहीत मी ते लाल करत होते, वाढदिवसाच्या कार्डावर केलं, ती बंगळूरला गेली त्या दिवशी फ्रिजवर चिकटवून ठेवलेल्या चिठ्ठीतही माझा डोळा तिथंच गेला होता. पंधरा वर्षांत त्या दीर्घ णीतून कुणाला काही चावलेलं नाही. छापायच्या आधी मी तो एका मिनिटात बदलू शकत होते, तिला न सांगता. ‘उन’ही, ‘पाणि’ही. अकरापैकी अकरा गोष्टी तशाच, मुळापासून लांब. मी त्या सगळ्या खोडल्या. आणि पहिल्यांदा, शेजारच्या गृहस्थांनी शिकवलं होतं त्याच्या अगदी उलट, पहिल्या शब्दापासून शेवटच्याकडे, अर्थ लागू देत वाचत गेले. तिनं पर्वतीच्या पायऱ्यांबद्दल लिहिलं होतं. आजी दर वीस पायऱ्यांनी थांबायची आणि दम लागला असं न म्हणता ‘बघ, इथून सिंहगड दिसतो’ म्हणायची. सारसबागेतल्या भेळेतला कांदा आजी स्वतःच्या पानावर घ्यायची. आईच्या हातांना शेवटच्या वर्षात कसला वास यायचा हेही तिनं लिहिलं होतं, ते मी इथं सांगणार नाही, ते तिचं आहे.

शेवटून दुसऱ्या ओळीत वाक्य होतं : ‘आजी कधीच कुणावर रागावली नाही.’

इथं मी थांबले. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं, वेलांट्या जागच्या जागी होत्या, आणि वाक्य खोटं होतं. माझी आई रागवायची. आम्हा तिघांवर, बाबांवर, दूधवाल्यावर. फणीची कड माझ्या डोक्यात किती वेळा बसली असेल याचा हिशेब नाही. केस फाकवला की कधीकधी अजून वाटतं तिथं हाताला काहीतरी लागेल. गेलेल्या माणसाला असं गुळगुळीत करून टाकायचं हे मला पटत नाही. एवढी एक गोष्ट मुळाशी होती आणि ती मी पहिल्या वाचनात पाहिलीच नव्हती. सकाळी मी ते पान छापून घेतलं, त्या वाक्याखाली पेन्सिलीनं नागमोडी रेघ ओढली आणि लेकीला फोन लावला. ती बसमध्ये होती. मागे कन्नडमधून कुणीतरी थांब्याचं नाव सांगत होतं.

आधी तिला म्हटलं, छान लिहिलंयस बाळा, सिंहगडाचं मला माहीतच नव्हतं. ती हसली. मग मी तिला त्या वाक्याबद्दल विचारलं. म्हटलं, हे खरं आहे का गं? आजी रागवायची.

‘माझ्यावर नाही रागावली,’ ती म्हणाली. ‘तिसरीत उवा झाल्या होत्या, आठवतं? आजी गॅलरीत बसून काढायची. मी सारखी हलायचे. तू आतून ओरडायचीस, नीट बस म्हणून. आजी नुसती फणी वर उचलून थांबायची, मी स्थिर होईपर्यंत. एकदा मी विचारलं, तुला राग नाही येत? तर म्हणाली, तुझ्या आईच्या डोक्यात फार फणी मारली मी.’

बस कुठंतरी थांबली असावी. पलीकडचे आवाज कमी झाले. मी हातातल्या कागदाकडे पाहत होते, पेन्सिलीच्या रेघेकडे, आणि मला काही बोलता येईना.

‘ते पण लिहू का त्यात?’ तिनं विचारलं.

‘लिही,’ मी म्हटलं.

‘बरं. आई, ‘आणि’ची वेलांटी पहिली ना?’

‘पहिली.’